डबा रिकामा होता

अक्का लिंगैक्य झाल्याचा फोन सकाळी आठला दहा कमी असताना आला. विशू बोलत होता, माझा मुलगा. चार दिवस झाले तो नांदेडच्या दवाखान्यात तिच्या उशाशी होता. मी परसाच्या पायरीवर मेथी निवडत बसले होते. तो म्हणाला, "आई, अक्का गेली," आणि माझ्या ओठांवर आलं होतं की थांब रे, अजून साडेआठ वाजायचेत. बोलले नाही, नशीब. अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय येईल त्याचा नेम नसतो. मग एकच धांदल उडाली... पाहुण्यांना फोन, स्वामींना निरोप, दारात टाकायला सतरंज्या, आणि अक्काचं ते पांढरं लुगडं, जे तिनं स्वतःच कुठंतरी जपून ठेवलं होतं आणि आम्हाला काही केल्या सापडेना.

दुपारी तिला आणलं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात. शेतात खड्डा खणून राहिले होते तिथं मी बायांच्या मागं उभी होते. वरची माती माघातली, भेगाळलेली, कुदळ ठणठण वाजत होती. कमरेइतकं खाली गेल्यावर ओल लागली. खणणाऱ्यांतल्या एकानं ती माती मुठीत दाबून बघितली आणि सवयीनं मान वर करून म्हणाला, "औंदा पाऊस लई खाली मुरलाय. अक्काला इचारा बरं, समदा मिळून किती झालता..." आणि मग त्याच्या ध्यानात आलं. तो गप खणायला लागला. आमचे शेजारी माणिकराव बांधावर उभे होते, ते हळूच म्हणाले, "निरंक." दोघंतिघं हसले. जिच्यासाठी खड्डा खणत होते तिच्यावर, त्या खड्ड्यापाशीच हसले. मी आज जे लिहून राहिले ते त्या हसण्यापायी, हे आधीच सांगून टाकते. अक्काचे गुण गायला लिहीत नाही. तिच्यावर मी अजून चिडलेली आहे, आणि स्वतःवर त्याहून जास्त.

निरंक म्हणजे काय, ते कचेरीशी ज्याचं काम पडलं त्याला ठाऊक असतं. कागदात जिथं सांगायला काही नसतं तिथं निरंक लिहितात. म्हणजे शून्य. आमच्या गावानं ते अक्काचं टोपणनाव करून टाकलं होतं. निरंक अक्का. तीस वर्षं ज्यांच्या पोरांना तिनं भूगोल शिकवला, त्यांनी.

अक्का म्हणजे शिवकांताबाई, माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, का ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा चौथी पास होते, आणि मला वाटलं होतं नणंद म्हणजे सासूची पायरी. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाक मारली, "गिरजे, इकडं ये." परसात एक हातभर नळकांडं जमिनीत रोवलेलं होतं, वर गाळणीसारखं तोंड, आत पाणी साठवायची बाटली. सरकारी पर्जन्यमापक. आसपासच्या गावांचा पाऊस आमच्या परसात मोजला जायचा, अक्का तो मोजायची आणि कचेरीला कळवायची. जागा मोकळी लागते, झाड नको, भिंत नको, म्हणून तिनं परसातला शेवगा तोडायला लावला होता. सासूबाई त्या शेवग्याच्या शेंगांपायी मरेपर्यंत तिला बोलत राहिल्या. "सरकारचं पाणी मोजायला माझी आमटी बुडवली," असं.

त्या सकाळी तिनं बाटलीतलं पाणी एका काचेच्या उंच मापात ओतलं आणि मला खाली वाकायला लावलं. डोळा पाण्याच्या रेघेसमोर आण म्हणाली. पाणी काचेला कडेनं जरा वर चढलेलं असतं, "कडंला बघू नको, मधी बघ." किती? मी म्हणाले सात. सात आणि पुढं? पुढच्या बारक्या रेघा मला मोजता येईनात. मग तिनं शिकवलं. दशांश चिन्ह मी पुस्तकात शिकले नाही, पावसाच्या पाण्यात शिकले. एक मिलिमीटर म्हणजे केवढं, हे समजेना तर तिनं खडूनं अंगणात एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन काढला आणि एक लिटर पाणी त्यात ओतून हातानं पसरवलं. "हा एक." मी म्हणाले, एवढाच? "एवढाच. पण साऱ्या शिवारावर एवढाच पडला तरी किती हंडे झाले, कर हिशेब." तो हिशेब मी अजून करतेच आहे.

हळूहळू मला तिचा नाद लागला. पेला काठोकाठ भरायचा, त्यावर लग्नपत्रिकेचं पुठ्ठं दाबायचं आणि पेला उलटा करायचा. पाणी पडत नाही, कारण खालून हवा दाबून धरते. हवेला वजन असतं, हे मला या पत्रिकेनं पटवलं. एकदा माझ्या हातून पुठ्ठं निसटलं आणि सगळं पाणी ज्वारीच्या पिठात गेलं, तर अक्का म्हणे, "हवेची चूक न्हाई, तुझा हात हलला." संध्याकाळी भाकरी थापताना ती ओट्याशी बसून सांगायची की पश्चिमेकडून येणारे ढग घाटापाशीच सांडून घेतात, आपल्याकडं येईस्तोवर त्यांच्यात दम राहत नाही. आपली खरी भर होते ती बंगालच्या बाजूनं. तिकडं समुद्रावर हवा तापते, वर जाते, खाली दाब कमी होतो, आणि ती कमी भरून काढायला चहूकडून हवा धावते, येताना पाणी घेऊन येते. "हवेला रिकामी जागा खपत न्हाई," हे तिचं वाक्य. दुसऱ्या दिवशी वारा पूर्वेकडून आला की मी विशूच्या बापाला सांगायची, सोयाबीन झाकून ठेवा. ते म्हणायचे, आता घरात दोन अक्का झाल्या.

पण पाऊस पडणार का, असं विचारलं की अक्का उत्तर द्यायची नाही. मी मोजते, सांगत नाही, म्हणायची. लोकांना मोजणारी नको होती, सांगणारी पाहिजे होती. मंगळवारी दुपारी पडलेला पाऊस ती बुधवारच्या तारखेला लिहायची, कारण सकाळी साडेआठ ते सकाळी साडेआठ असा पावसाचा दिवस असतो. त्यावरून माणिकराव दर साली भांडायचे. "अक्का, मंगळवारी मी भिजलो का बुधवारी?" ती म्हणायची, "भिजलात तुम्ही मंगळवारी, वाळलात बुधवारी, मी वाळल्यावर लिहिते." तेव्हा गाव तिच्याबरोबर हसायचं. तिच्यावर नाही.

आता ती गोष्ट. अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, नांदेडला. चार-पाच दिवसांचा प्रश्न होता. जाताना तिनं मला सगळं नीट सांगितलं, खरं तर काही सांगायची गरज नव्हती, मी तिच्याइतकंच करत होते. बाटली लहान पडते म्हणून मोठ्या पावसाच्या दिवसांत ती आत पत्र्याचा रुंद डबा ठेवायची, तो तिनं ठेवला. ती गेली आणि दुपारी पाऊस लागला. काय पाऊस... तसा मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. पहाटे ओढा माणिकरावांच्या शेतातून वळून गल्लीत आला. आमच्या स्वयंपाकघरात घोट्याइतकं पाणी, ज्वारीची पोती खाली, विशूचे वडील पोती उचलून बाजेवर टाकून राहिले, मी पाणी उपसून राहिले. तांब्यानं काय उपसणार? बादल्या सापडेनात, एक वाहून गेली होती. मी परसात धावले, आणि जे हाताला लागलं ते उचललं. रुंद तोंडाचा, कडीचा, हातात बसणारा चांगला डबा.

तुम्हाला कळलंच असेल. पावसाचं पाणी उपसायला मी पावसाचं मापच उचललं. त्यात काठोकाठ पाणी होतं, ते मी भस्सकन ओतून दिलं आणि आत पळाले. तास दीड तास त्या डब्यानं उपसत होते आणि मला आठवलं नाही. माझ्यासारखी बाई, जी त्या मापापाशी दशांश शिकली, तिला आठवलं नाही.

रोज साडेआठला अक्का कचेरीला फोन करायची. त्या दिवशी गेला नाही म्हणून तिकडूनच आला. मी ओल्या हातानं उचलला. कुणी तरी घाईत होतं, त्याला दहा ठिकाणचे आकडे घ्यायचे असणार. डब्यात किती, म्हणाला. तेव्हा कुठं मला आठवलं. मी म्हणाले, "डब्यात काही न्हाई हो. डबा रिकामाय, म्हणजे मी काय केलं..." "बरं, निरंक," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी परत लावला. लागला नाही. सगळीकडं पाऊस होता, सगळेच लावत असतील.

चार दिवसांनी यादी आली. एका दिवसात पासष्ट मिलिमीटरच्या वर आकडा गेला की अतिवृष्टी धरतात, पंचनामे होतात. शेजारच्या सगळ्या भागाचं नाव होतं. आमच्या भागापुढं शून्य. ज्या दिवशी गल्लीतून म्हैस वाहून गेली त्या दिवशी कागदावर आमच्याकडं थेंब पडला नव्हता. अक्का डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून अहमदपूरला एसटी बदलून घरी आली तेव्हा गाव दारात उभं होतं. मी तिला आत ओढून खरं काय ते सांगितलं. रडले. तिनं ऐकून घेतलं, म्हणाली, "तू खोटं बोलली न्हाईस. डबा रिकामाच होता." आणि बाहेर जाऊन लोकांना म्हणाली, "चूक माझी. मी जागेवर नव्हते."

मी दाराआड उभी होते. पुढं आले नाही.

लोकांचं म्हणणं एवढंच होतं की आता लिहून टाका शंभर, तुमच्या वहीत लिहा, ती वही दाखवू. मीही तेच म्हणत होते. आमचंही शेत ओढ्याकाठचंच, विशूच्या वडलांची तूर मुळासकट गेली होती. मी तिच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. लिहा ना अक्का, कुणाचं काय जातंय, सगळ्या गावानं बघितलंय.

"बघितलं, गिरजे. मोजलं कुणी?"

पट्टी बांधलेल्या डोळ्यानं ती दोन दिवस गावभर फिरली. कुणाकडं उघड्यावर सरळ भिंतीचं भांडं होतं का, ड्रम, हौद, काहीही. एकाच्या गच्चीवर लोखंडी ड्रम सापडला. तिनं आत पट्टी बुडवली, वाचली, आणि विचारलं, पावसाच्या आधी हा रिकामा होता का? मालक म्हणाला, होता की. त्याची बायको म्हणाली, मी अर्धा भरून ठेवलता धुण्याला. दोघांचं तिथंच जुंपलं. अक्कानं पट्टी पुसली आणि खाली उतरली. वहीत त्या तारखेपुढं तिनं काहीच लिहिलं नाही, रकाना कोरा सोडला, शेरा लिहिला: मोजले नाही.

आणि मग सुरू झालं तिचं ते अर्जांचं. दर मृगाच्या आधी ती कचेरीत जायची. तिची मागणी ऐकून कारकून बुचकळ्यात पडायचे. शंभर लिहा, असं नव्हतं तिचं. नुसतं ते निरंक खोडा आणि तिथं नोंद नाही असं लिहा. एक जण म्हणाला, बाई, दोन्ही एकच की. शून्य काय आणि काही नाही काय. ती म्हणाली, "परीक्षेला बसलेल्या पोराला शून्य मिळणं आणि पोरगं परीक्षेला बसलेलंच नसणं, एकच का?" तो म्हणाला, कॉम्प्युटर कोरा रकाना घेत नाही, आकडा मागतो. घरी येऊन ती मला म्हणाली, कचेरीपण हवेसारखीच आहे, रिकामी जागा दिसली की भरायला धावते. हसून म्हणाली, पण मला माहीत आहे, बसमध्ये ती रडली असणार. गावात तर तमाशा झाला. भांडून मागितलं काय, तर शून्याच्या जागी कोरं. त्यातून कुणाच्याही हाती काही पडणार नव्हतं, यादीची वेळ कधीच टळून गेली होती. माणिकरावांनी नाव ठेवलं ते तेव्हा.

एका साली एक बरा माणूस भेटला तिला तिथं. त्यानं अर्ज नीट वाचला. म्हणाला, त्या दिवशी फोनवर आकडा कुणी दिला, त्यांचा जबाब आणा, सहीनिशी, मग मी दुरुस्तीचं बघतो. अक्का त्या दिवशी घरी आली ती चप्पल न काढताच माझ्याकडं आली. "गिरजे, चलतीस का उद्या? नुस्ती सही करायची हाय."

मी म्हणाले, उद्या नको, पाहुणे येणार आहेत.

पाहुणे येणार नव्हते. मला भीती वाटली. सही केली की कागद होणार, कागद झाला की गावाला कळणार, डबा कुणी उचलला होता ते. इतकी वर्षं लोक अक्काला बोलत होते, ते मग मला बोलतील, विशूच्या वडलांना बोलतील, सोसायटीत त्यांचं बसणं-उठणं होतं. अक्काला सवय झालीय, असं मी स्वतःला समजावलं. बघा, किती हलकं कारण. ती "बरं" म्हणाली. पुन्हा कधी विचारलं नाही. तो माणूस बदलून गेला, आणि ती एकटीच जात राहिली, जबाबाशिवायचा तोच अर्ज घेऊन. ती दुसऱ्यांदा विचारती तर मी गेले असते, असं मला वाटतं. एकदाच काय विचारायचं? मास्तरीण होती ना, मग पोराला दोनदा विचारत नाहीत का? हा माझा तिच्यावरचा राग. आणि हा राग खोटा आहे, हेही मला कळतं.

पुढं यंत्र आलं. खांबावर बसवलेलं, आपोआप मोजणारं, आपोआप कळवणारं. ते चिंचेच्या बाजूला लावलं. झाडाच्या उंचीच्या दुपटीनं तरी लांब पाहिजे, अक्का सांगत राहिली, कुणी ऐकलं नाही. आमचं परसातलं मापक रिटायर झालं. पण ती रोज साडेआठला जायची. पाऊस असो, ऊन असो, मे महिन्यात डोकं फुटायची वेळ असो. वाकून डबा काढायचा, उलटा करून झटकायचा, वहीत लिहायचं. गेली दोन वर्षं तिला वाकता येईना तर मी काढून द्यायची, ती खुर्चीवरून बघायची.

शेवटचं भेटले ते दवाखान्यात, ती जायच्या आदल्या दिवशी. पहिल्या एसटीनं गेले होते. तोंडावर हवेची नळी, बोलायला मनाई, पण ऐकते कुठं. नळी बाजूला करून म्हणाली, "हवेला वजन असतं म्हणून पोरांना शिकवलं. आता छातीवर कळून राहिलंय." विशू हसला, मी नाही. मग तिनंच विचारलं, आज किती?

मी म्हणाले, काय असणार अक्का, चांगलं ऊन पडलंय.

"बघितलंस का?"

न्हाई, म्हणाले, मी पहाटेच निघाले.

"मग काय असणार म्हणू नको."

मी तिथूनच घरी फोन लावला. साडेआठ वाजतच होते. सविता, माझी सून, फोन कानाला धरूनच परसात गेली, डबा काढून उलटा केला, झटकला, म्हणाली, कोरडा ठणठणीत. मी अक्काला सांगितलं. तिनं डोळे मिटले. "आता लिही. शून्य."

तिची तेराव्याची गडबड सरल्यावर मी विशूला घेऊन कचेरीत गेले. जबाब माझ्या हातानं लिहून नेला होता, मी अमुक, त्या दिवशी डबा मी उचलला, पाणी मी ओतलं, फोनवर मी रिकामा म्हणाले, पाऊस नव्हता असं म्हणाले नाही. खिडकीतल्या मुलीनं फाइल शोधून काढली, बिचारीनं बरंच शोधलं. मग विचारलं, अर्जदार कुठं आहेत? वारल्या, म्हणाले. तिनं वर बघितलं, मग कागदावर काही लिहून शिक्का मारला आणि मला वाचायला दिलं. अर्जदार मयत, सबब अर्ज निकाली. मी म्हणाले, बाई, जबाब देणारी जिवंत आहे ना. ती म्हणाली, आजी, अर्जच राहिला नाही तर जबाब कशाला जोडू?

म्हणून तो जबाब इथं लिहिला. माणिकराव पेपरची ही पुरवणी वाचतात, मला माहीत आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर अक्काची वही काढली. ती दवाखान्यात गेली तेव्हापासून मी रोज साडेआठला डबा बघते, वहीत माझं अक्षर सुरू झालंय, वेडंवाकडं. शून्य, शून्य, शून्य. मध्ये एक रकाना कोरा. सविता मागून वाकून बघत होती. म्हणाली, अहो आई, हा राहिला की, ज्या दिवशी आत्या गेल्या तो. ऊन होतं त्या दिवशी, आभाळात ढगाचा कापूस नव्हता, टाका शून्य.

मला ते ऊन आठवतं. साडेआठला मी काय करत होते तेही आठवतं. पेटीत खाली हात घालून ते पांढरं लुगडं शोधत होते.

परसात कुणीच गेलं नव्हतं. मी सविताच्या हातातून पेन घेतलं, शेऱ्याच्या जागी लिहिलं, मोजले नाही, आणि वही मिटली.